टेपवरचा आवाज संगणकात आणताना

जयसिंगपुरातल्या कुठल्याही जुन्या घरात कॅसेटचा एखादा खोका निघतोच. त्यात दोन जातींच्या कॅसेट असतात. एक जात विकतची: एचएमव्ही, टी-सिरीज, व्हीनस, पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसनं काढलेलं शास्त्रीय गाणं, शाहिरांचे पोवाडे. दुसरी जात घरी भरलेली: नरसोबाच्या वाडीला ऐकलेली पालखीची पदं, जैन बस्तीतलं प्रवचन, भजनी मंडळाचा एकादशीचा जागर, मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला झालेलं गाणं, शेतकरी संघटनेच्या सभेतलं भाषण, बारशाला आजीनं म्हटलेला पाळणा. पहिल्या जातीतलं बरंचसं आज कुठे ना कुठे ऐकायला मिळतं. दुसऱ्या जातीची प्रत जगात एकच असते, आणि ती त्या खोक्यात असते.

म्हणून कॅसेट संगणकावर नीट कशा घ्यायच्या, हा प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या जातीचा आहे. त्यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ उत्तरं जमा झाली आहेत. काही अभिलेखागारांची, काही हौशी लोकांची, काही यंत्रं विकणाऱ्यांची. ती सगळी शेजारी-शेजारी ठेवून पाहिली की माझं मत एका बाजूला ठाम होतं: चांगला आवाज संगणकात तयार होत नाही, तो टेपवरून उचलावा लागतो. जो उचललाच गेला नाही, तो नंतर कुठलंही सॉफ्टवेअर परत देत नाही. आपल्याकडे मात्र उलटं चालतं. लोक सॉफ्टवेअरची कसून चौकशी करतात आणि टेप हाती लागेल त्या यंत्रात घालतात.

घाई करायला हवी का? हवी. २०१९मध्ये युनेस्को आणि ध्वनी-अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना 'आयासा' यांनी मिळून 'मॅग्नेटिक टेप अलर्ट' नावाची मोहीम काढली. टेपवरचं जे २०२५च्या आसपासपर्यंत डिजिटल होणार नाही, ते बहुधा कायमचं हातचं जाईल, असा त्यांचा इशारा होता. त्याचं मुख्य कारण टेप सडतात हे नव्हतं. टेप वाजवणारी यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात संपत चालले आहेत, हे होतं. जयसिंगपूर-सांगली-मिरज पट्ट्यात हे रोज दिसतं. ज्या मेकॅनिकच्या दुकानात एके काळी टू-इन-वनची, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या यंत्रांची, रांग असायची, तिथे आज मोबाइलच्या काचा बदलतात.

जयसिंगपूर ज्यात येतं त्या शिरोळ तालुक्याला आणखी एक कारण आहे: पूर. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णा-पंचगंगेचं पाणी नरसोबाची वाडी, कुरुंदवाड आणि आसपासच्या गावांत घराघरांत शिरलं. त्या घरांतल्या कॅसेट आता नातेवाइकांकडून जयसिंगपुरात येतात. काहींच्या रिळावर पांढरी पूड दिसते. ती बुरशी. अशी कॅसेट थेट यंत्रात घालायची नाही. एका कॅसेटची बुरशी टेप वाचणाऱ्या हेडला आणि रोलरला लागून पुढच्या दहा कॅसेटना चिकटते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवावी, पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत पूर्ण कोरडी होऊ द्यावी, नाकातोंडाला फडकं बांधून कोरड्या मऊ कापडानं कडा पुसाव्यात आणि आधी एखाद्या टाकाऊ यंत्रावर पुढे-मागे पळवून घ्यावी. उन्हात वाळवणं सर्वांत वाईट, कारण टेपचा पाया प्लॅस्टिकचा आहे आणि उष्णतेनं तो वाकतो. चिखल सुकून बसला असेल तर हे घरचं काम नव्हे.

आता वस्तू काय आहे ते पाहू. फिलिप्सनं १९६३मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ही कॅसेट आणली. कॅसेटमधल्या पट्टीची रुंदी ३.८१ मिलिमीटर. त्यात दोन्ही बाजूंचे मिळून चार माग, म्हणजे ट्रॅक, बसवलेले. पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. म्हणजे दहा हजार हर्ट्झचा सूर, टाळाच्या किणकिणीच्या आसपासचा, त्या पट्टीवर पाच मायक्रॉनपेक्षाही कमी लांबीच्या लाटेत लिहिलेला असतो. एवढं बारीक अक्षर वाचायचं तर वाचणारं हेड स्वच्छ हवं, पट्टी त्याला घट्ट टेकलेली हवी आणि हेडचा कोन अचूक हवा. या तीन गोष्टींवर निम्म्याहून अधिक यश ठरतं.

स्वच्छतेबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. मेडिकलच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर घेऊन हेड आणि त्याशेजारची फिरणारी धातूची दांडी पुसायची. रबरी रोलर पाण्यानं ओल्या केलेल्या कापडानंही स्वच्छ होतो. तपकिरी डाग कापसावर येणं थांबेपर्यंत पुसत राहावं. पट्टी हेडला टेकवणारी कॅसेटमधली छोटी गादी गळून पडली असेल तर आवाज मंद आणि लहरता येतो. मग पट्टी दुसऱ्या, स्क्रूच्या कवचात हलवावी लागते. चिकटवून बंद केलेल्या कॅसेट फोडाव्या लागतात. पातळ सुरीनं कडेनं उकलताना घाई केली तर पट्टीच कापली जाते, म्हणून पहिला हात एखाद्या निरुपयोगी कॅसेटवर बसवावा. नव्वद मिनिटांची पट्टी साठ मिनिटांच्या पट्टीपेक्षा पातळ असते, साठची साधारण १८ मायक्रॉन, नव्वदची १२. आणि १२० मिनिटांची ९ मायक्रॉनची. ही शेवटची फार जपून हाताळावी, ती सहज ताणली जाते आणि गुंतते.

यंत्र कोणतं, यावर मात्र वाद आहेत. वॉकमनच्या आकाराचा, युएसबी वायर असलेला स्वस्त कन्व्हर्टर आज ऑनलाइन सहज मिळतो आणि बहुतेक घरांत काम त्यानंच सुरू होतं. मी त्याच्या विरोधात आहे. त्याची मोटर आणि चाकं इतकी हलकी असतात की पेटीचा लांब सूर थरथरतो, आणि एकदा थरथरत उतरलेला सूर पुन्हा सरळ करणं घरी जवळजवळ अशक्य. घरातला जुना टू-इन-वन त्याहून पुष्कळदा बरा निघतो, पट्टे बदलले तर. आतले रबरी पट्टे तीस वर्षांत ढिले पडतात, काही तर डांबरासारखे वितळून चाकाला चिकटतात. नवे पट्टे मिळतात आणि ते बदलण्याइतका मेकॅनिक अजून या भागात सापडतो. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे स्टिरिओ घटकांतला स्वतंत्र कॅसेट डेक, जुना घेऊन दुरुस्त केलेला. नवा डेक हवाच असेल तर टॅस्कॅम आणि टीॲक या कंपन्यांनी अलीकडच्या वर्षांतही डबल डेक काढले आहेत. पण त्या किमतीत चांगला जुना डेक आणि त्याची दुरुस्ती दोन्ही भागतं.

हेडच्या कोनावर थोडं थांबायला हवं, कारण घरच्या कामात सर्वांत जास्त नुकसान इथे होतं आणि कोणी ते सांगत नाही. रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राचं हेड किंचित तिरकं असेल तर आवाज पट्टीवर त्याच तिरकेपणानं लिहिला जातो. वाजवणारं हेड सरळ असेल तर दोघांचं जुळत नाही आणि वरचे सूर विझतात. ऐकणाऱ्याला वाटतं, टेप जुनी झाली, आवाज बसला. प्रत्यक्षात आवाज पट्टीवर शाबूत असतो. हेडशेजारी स्प्रिंगवर बसवलेला एक छोटा स्क्रू असतो. पुष्कळ टू-इन-वनच्या दारात त्यासाठी भोकही ठेवलेलं असतं. टेप चालू ठेवून, दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र म्हणजे मोनो करून, हा स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवायचा आणि 'स', 'श' ही अक्षरं किंवा टाळ ऐकत राहायचं. एका जागी ती अक्षरं अचानक उघडतात. तीच जागा. सुरुवातीची जागा आधी खुणेनं नोंदवावी आणि काम झाल्यावर कंपनीच्या एखाद्या चांगल्या कॅसेटवर हेड पुन्हा जुळवून ठेवावं. एकाच कॅसेटच्या ए आणि बी बाजूंना वेगळा कोन लागू शकतो, हेही कानांनी पडताळावं. हे काम संगणकावर नंतर करता येत नाही. दोन मागांतला वेळेचा फरक सॉफ्टवेअर जुळवतं, पण हेडनं न वाचलेला टाळ त्याला कुठून मिळणार?

एक अपवाद आहे. रेडिओवरून भरलेल्या कॅसेट. मध्यमलहरींवर वरचे सूर मुळातच कापलेले यायचे, त्यामुळे सांगली आकाशवाणी केंद्रावरून भरलेल्या नाट्यगीतात टाळाची धार शोधत बसू नये. तिथे बोलणं स्पष्ट झालं की काम झालं.

खरखर कमी करणाऱ्या डॉल्बीचं बटणही इथेच उरकू. टू-इन-वनवर भरलेल्या कॅसेटला बहुधा डॉल्बी नसतं. वाजवताना ते बटण चालू राहिलं तर खरखरीबरोबर गाण्याचाही वरचा भाग जातो. कॅसेटवर खूण छापलेली असेल तरच चालू करावं.

वेगाचा प्रश्न आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे, कारण आपली बहुतेक ध्वनिमुद्रणं विजेवर झालेलीच नाहीत. देवळाच्या ओट्यावर, शेतात, सभेत टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. सेल उतरत आले की मोटर हळू फिरायची, पट्टी हळू सरकायची, आणि तीच कॅसेट आज बरोबर वेगाच्या डेकवर लावली की माणसं घाईनं आणि चढ्या पट्टीत बोलतात. वडिलांचा आवाज 'असा नव्हता' असं घरातले म्हणतात, तेव्हा बहुधा त्यांचं खरं असतं. कधी सुरुवात ठीक असते आणि शेवटाकडे आवाज चढत जातो. सेल त्या एका कार्यक्रमातच संपत आलेले असतात.

हे दुरुस्त करायला कसला तरी आधार हवा. सर्वांत विश्वासू आधार पेटी. भजनी मंडळाची पेटी काळी एकला असेल आणि टेपवर सा काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे पडत असेल, तर वेग चुकला आहे हे पक्कं. लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर वेगात सुमारे सहा टक्के असतं, त्यामुळे मधे पडणं म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपासची चूक. मंडळाची पेटी अजून वाजती असेल तर तिच्याशीच ताडून पाहावं. दुसरा आधार घरघर. लाउडस्पीकरवरच्या कार्यक्रमात विजेची ५० हर्ट्झची घरघर टेपवर उतरलेली असते. ऑडॅसिटी या ध्वनि-संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या स्पेक्ट्रममध्ये ती शिखरासारखी दिसते आणि ५० ऐवजी ५२वर आली तर टेप चार टक्के जलद वाजते आहे, असा अंदाज करता येतो. अंदाजच, कारण ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्या ग्रीडची वारंवारता ५०च्या बरीच खाली घसरायची. म्हणून पेटी आणि घरघर यांत फरक आला तर मी पेटीचं ऐकेन. दुरुस्ती करताना ऑडॅसिटीतलं 'चेंज स्पीड अँड पिच' वापरावं, नुसतं 'चेंज पिच' नव्हे. वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बिघडल्या आहेत, त्या एकत्रच सुधारायच्या. मात्र आधी डेकचा स्वतःचा वेग तपासलेला हवा. बहुतेक मोटरींच्या पाठीमागे एक बारीक भोक असतं, आतला स्क्रू फिरवून वेग लावता येतो.

संगणकाची बाजू यापुढे सोपी आहे. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसणं टाळावं. ते भोक बहुधा एकाच मागाचं असतं आणि माइकच्या दुबळ्या आवाजासाठी बनवलेलं असतं, त्यात टेपचा जोरकस आवाज फाटतो. डेकच्या लाइन-आउटमधून युएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये जावं. बेहरिंगरचा यूसीए२०२ हा साधा डबा १६ बिटचाच आहे, तरी पुरेसा. फोकसराइटच्या स्कार्लेटसारखा २४ बिटचा असेल तर उत्तम. टू-इन-वनला लाइन-आउट नसेल तर इअरफोनच्या जागेतून, आवाज मध्यावर ठेवून घ्यावं. विंडोजमधली ध्वनी 'सुधारणारी' सगळी बटणं बंद करावीत. घरघर ऐकू आली तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यानंच जाते. मोठ्यात मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये.

मोनो कॅसेटही स्टिरिओमध्येच घ्याव्यात. टू-इन-वनचा एकच रुंद माग स्टिरिओ हेड दोन भागांत वाचतं आणि त्यातला एक पुष्कळदा कमी खराब झालेला असतो. कोणता ठेवायचा ते नंतर ठरवता येतं.

किती हर्ट्झ, किती बिट, यावर लोक तासन्‌तास बोलतात. आयासाची मार्गदर्शिका किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट सांगते आणि ९६ किलोहर्ट्झची शिफारस करते. घरच्या कॅसेटवर पंधरा हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसतं, म्हणून घरी ४८ पुरे असं माझं मत आहे. अशी वेव्ह फाइल तासाला साधारण एक जीबी जागा घेते. साठ मिनिटांच्या शंभर कॅसेट शंभर जीबीच्या आसपास बसतात. फ्लॅकमध्ये ठेवल्या तर जागा बरीच वाचते आणि आवाजातला एक कणही जात नाही. एमपी३ नातेवाइकांना पाठवायला. ती मूळ प्रत समजू नये.

खरखर काढण्याबद्दल मी जुन्या मताचा आहे. ऑडॅसिटीतलं नॉइज रिडक्शन शांत जागेतला एक तुकडा खरखरीचा नमुना म्हणून घेतं आणि तसा सतत राहणारा आवाज सगळीकडून कमी करतं. सहा डेसिबलपर्यंत ते निभावतं. त्यापुढे नेलं की बोलणं पोकळ होतं आणि शब्दांच्या शेवटी धातूची किणकिण लागते. गाण्यात धोका अधिक मोठा आहे. तानपुऱ्याची जवारीही सतत राहणारी, वरच्या सुरांची. गणित तिला खरखरीपासून नीट वेगळं करू शकत नाही आणि तीही खाऊन टाकतं. ज्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथून आठ-दहा मैलांवर बसून, तिथल्याच उरुसातल्या गाण्यामागचा तानपुरा पुसणं मला सहन होत नाही. नव्या एआय साधनांचंही तसंच. त्यांतली पुष्कळशी जवळच्या माइकवर एकट्यानं बोलणाऱ्या माणसासाठी बनवलेली आहेत. भजनाला साथ देणारी मंडळी, टाळ्या, सभेतल्या घोषणा त्यांना अडथळा वाटतात.

याचा अर्थ ती साधनं वाईट असा नाही. बीटल्सचं 'नाऊ अँड देन' २ नोव्हेंबर २०२३ रोजी आलं. त्यातला जॉन लेननचा आवाज त्यानं घरी पियानोवर भरलेल्या एका साध्या कॅसेटवरचा. १९९५मध्ये उरलेल्या तिघा बीटल्सनी त्यावर काम केलं आणि सोडून दिलं, कारण पियानो आणि घरघर आवाजातून वेगळी होत नव्हती. पुढे यंत्र-शिक्षणानं ती वेगळी झाली. मधल्या काळात ती टेप कुणी 'साफ' करून मूळ पुसलं असतं तर हे झालंच नसतं. म्हणून न सुधारलेली फाइल कायम ठेवावी आणि सुधारणा तिच्या प्रतीवर कराव्यात.

आवाजाबरोबर माहिती नसेल तर काय उरतं, हे संस्थांकडून शिकावं. १९८२मध्ये पुण्यात सुरू झालेलं आणि पुढे दिल्लीजवळ गेलेलं एआरसीई हे संगीताचं अभिलेखागार, किंवा हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या. त्या ओव्या २०१७पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन अभिलेखागारानं लोकांसमोर आणल्या. तिथे ओवीसोबत म्हणणारीचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो. त्याच्याशिवाय तो एका अनोळखी बाईचा आवाज राहिला असता. घरीही तेवढंच करायचं: कॅसेटच्या दोन्ही बाजूंचा आणि आतल्या कागदाचा फोटो, फाइलच्या नावात वर्ष आणि गाव, आणि शेजारी एका साध्या मजकूर-फाइलमध्ये कोण बोलतंय, कोण गातंय, पेटी कोणाची, हे. ते सांगू शकणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना सगळं रेकॉर्डिंग संपल्यावर बोलावू नये. पहिली कॅसेट वाजते तेव्हाच शेजारी बसवावं. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटं लागतातच, आणि तो सगळा वेळ त्यांच्या बोलण्यासाठी मोकळा असतो.

कायद्याची भीती अनेकांना वाटते. स्वतःच्या खासगी उपयोगासाठी प्रत करणं १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये बसतं. विकतच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो, तेव्हा ते ऑनलाइन टाकणं वेगळं. घरी भरलेल्या मैफलीवरही गाणाऱ्याचा हक्क असतो, पन्नास वर्षं. गायक गेले असतील तर त्यांच्या घरच्यांना विचारून मगच ती चढवावी. माझ्या पाहण्यात तरी विचारल्यावर नाही म्हणणारं कुटुंब आलेलं नाही, उलट त्यांच्याकडे ती मैफल नसतेच.

फाइलींच्या प्रती दोन हार्डडिस्कवर हव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. शिरोळ तालुक्यात तर नदीपासून दूरच्या गावी. पेन ड्राइव्हवर भरवसा ठेवू नये. मूळ कॅसेटही टाकून देऊ नयेत. उद्या याहून चांगलं हेड, चांगला हात मिळाला तर ती पट्टी पुन्हा वाचता येते. रेकॉर्डचं बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून वरच्या कडेच्या दोन्ही खाचांतलं प्लॅस्टिक मोडून टाकावं, कॅसेट उभ्या ठेवाव्यात, आणि पत्र्याखालची जागा, ओल येणारी भिंत आणि स्पीकरच्या पाठीमागचा कप्पा एवढं सोडून घरात कुठेही ठेवाव्यात.